चष्मा काढायला आलेली माणसं

मी रोज ठरवते, घरी गेल्यावर दवाखान्याचं नाव काढायचं नाही, गुपचूप जेवायचं. पण चप्पल काढेपर्यंत एक किस्सा ओठावर आलेलाच असतो. नवरा म्हणतो, "आधी जेव, मग सांग." जेवण होईस्तोवर दुसरा आठवतो! असं करता करता इतके साठलेत, की आता कुणी नुसतं "काय म्हणतं काम?" विचारलं तरी माझी गाडी सुटते. तुम्ही विचारलंत, आता ऐका.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सिडकोत आमचा डोळ्यांचा दवाखाना आहे. लेझरनं चष्म्याचा नंबर घालवतात तिथं. पण मागेल त्याला करून देतात असं अजिबात नाही. वय बघायचं, नंबर थांबलाय का बघायचं, डोळे कोरडे पडतात का बघायचं. आणि मुख्य म्हणजे कॉर्निया. बुबुळावर जी पारदर्शक काच असते ना, ती. लेझर त्या काचेलाच घासून आकार देतं. काचच पातळ नाहीतर वाकडी असली, तर घासणार काय, कपाळ?

तर मशीनवर रफिकभाई. ठरवणार डॉक्टर मॅडम. आणि त्यांनी ठरवलेलं माणसाच्या गळी उतरवणार मी, शिवाय चष्म्याचा नंबरही मीच काढते. माझ्या दारावर "कौन्सेलर" अशी पाटी आहे. लोक मला ताई म्हणतात आणि भांडायचं असलं की मॅडम म्हणतात.

*

रफिकभाईंचा आवाज असा, की तिकडं जुन्या शहरात शहागंजात बोलले तर इकडं सिडकोत ऐकू यावं. कॉर्नियाची जाडी मशीनवर आली की ते आकडा ओरडून सांगतात. चांगला असला की वर "माशाल्ला!"

एकदा दोन जावा आपापली पोरं घेऊन आल्या. चुलत भाऊ, एकाच कॉलेजात, दोघांनाही चष्मा. धाकटीच्या पोराला रफिकभाई ओरडले, "पाचशे चाळीस! माशाल्ला!" थोरलीच्या पोराला म्हणाले, "चारशे सत्तर." माशाल्ला नाही!

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. मला बाजूला घेऊन विचारती, "ताई, आउट ऑफ किती?"

"काकू, ही परीक्षा नाही हो. जाडी आहे ती, मायक्रॉनमधली."

"ते झालं. पण पासिंग कितीला आहे?"

मी सांगितलं, की नुसत्या आकड्यावर काही नसतं, आकार बघतात, नंबर केवढा आहे ते बघतात, मग मॅडम ठरवतात. बाईंनी ऐकलं, मान डोलावली, आणि वळून पोराच्या पाठीत धपाटा घातला. "रात्रंदिवस मोबाइल! सांगत होते ना, कमी पडतील म्हणून!"

धाकटी मनानं चांगली. जिना उतरताना जावेची समजूत काढत होती, "जाऊ द्या ताई, रिपीटरला बसता येतं का विचारू."

*

साळवे काका पहिल्यांदा आले ते एकटेच. शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला आहेत. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, त्याहून कडक मिशा. "जय भीम ताई" म्हणून समोर बसले आणि खिशातून रुमालाची घडी काढून टेबलावर अलगद उलगडली. आत लेडीज चष्मा!

"बघा, हिचं लेझर होतंय का."

"कुणाचं काका?"

"आमच्या प्रज्ञाचं. पोरीचं."

"मग प्रज्ञा कुठंय?"

"ड्युटीला गेली. लॅबमधी हाय ती, रक्त तपासती. म्हणलं उगं तिची सुट्टी कशाला मोडा, चष्मा दावून यावं."

"अहो, मग ती चष्म्याबिगर रक्त कसं तपासणार?"

"जुना घालून गेली की!" काका माझ्याकडं असं बघायला लागले, जणू वेंधळी मीच. "नंबर तर समदा ह्याच्यातच हाय ना?"

मी हसू दाबून समजावलं, की आम्हाला डोळे लागतात, चष्मा नाही. तेव्हा काका जरा पुढं सरकले आणि खरं काय ते सांगितलं. जालन्याचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक. फोटो पसंत, शिक्षण पसंत, सगळं पसंत. फोनवर पाहुणे फक्त एवढंच म्हणाले, "चष्मा निघाला की कळवा, मग येतो बघायला."

"पोरगी लई गुणाची हाय ताई माझी," काका म्हणाले. "एका चष्म्यापायी तिचं अडू नये."

माझं हसू जिथल्या तिथं विरलं. मी म्हटलं, "काका, प्रज्ञाला घेऊन या. बघू आपण." त्यांनी चष्मा पुन्हा तसाच जपून गुंडाळला आणि गेले.

*

वैजापूरचे एक कांद्याचे व्यापारी आले होते, जोडीनं. पंचेचाळिशी ओलांडलेली. लहानपणापासून लांबचा चष्मा, तो घालवायचा होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "घालवता येईल. पण तुमचं वय झालंय, जवळचं वाचायला मग चष्मा लागेल."

शेटजी विचारात पडले. "म्हणजे नाकावरचा काढायचा आन् खिशात ठेवायचा, एवढंच ना?"

"असंच समजा."

शेटजींनी आयुष्यभर मार्केट यार्डात घासाघीस केलेली, ते कशाला सोडतात! म्हणाले, "मंग असं करा मॅडम. एक डोळा लांबचा करा, एक जवळचा करा. एक डोळा लिलावावर, एक डोळा पावतीवर. मिटवा इथंच!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "करतात तसं."

"आँ?"

"खरंच करतात. काहींना मानवतं, काहींना नाही. आधी लेन्स लावून काही दिवस बघू, जमलं तर ठरवू."

शेटजींचं हसू कुठल्या कुठं गेलं. आपण गमतीत बोललो ते डॉक्टरच्या पुस्तकात आहे, हे त्यांना काही केल्या पटेना. तेवढ्यात इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाई पदर सावरत म्हणाल्या, "आन् माझ्याकडं कुठल्या डोळ्यानं बघणार?"

शेटजी म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

*

तपासणीच्या आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवावी लागते. लेन्सनं बुबुळाचा आकार दबतो, मग मशीन खोटं सांगतं. हे मी प्रत्येकाला घसा फोडून सांगते. "दोन आठवडे लेन्स नाही म्हणजे नाही!"

एक पोरगी आली, बँकेत नोकरीला, लई शिस्तीची. तपासणी केली तर आकडे आज एक, उद्या एक. रफिकभाई मशीन पुसून पुसून थकले. "मशीन अच्छी है ताई, लडकी में कुछ गडबड है."

मी तिला समोर बसवलं. "खरं सांग, लेन्स घातलीस का?"

"अजिबात नाही ताई! दिवसभर काटेकोर पाळलं."

"दिवसभर?"

"हो. संध्याकाळी दिवा लावून झाला की मगच लावायचे. तेही थोडा वेळ."

मी कपाळावर हात मारला. बाईनं उपास धरला होता लेन्सचा! दिवसभर कडक आणि दिवेलागणीला सोडायचा! मी म्हटलं, "अगं, हा दोन आठवड्यांचा सलग आहे."

ती एकदम घाबरी झाली. "अगंबाई, मध्ये मैत्रिणीचं लग्न आहे. त्या दिवशी मोडला तर पहिल्यापासून धरावा लागेल का?"

मी म्हटलं, "हो, आणि उद्यापन रफिकभाईंच्या हातून."

*

"नाही" सांगायची माझी एक पद्धत आहे. ज्याचं लेझर होणार नाही, त्याच्यासाठी आधी चहा मागवते. हातात गरम कप असला की माणूस हातवारे करत नाही, आवाजही जरा खाली राहतो. बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे हा. पण झालं काय, ही गोष्ट बाहेर बाकावर पसरली. माझ्या खोलीत चहा गेला, की बाहेर कुजबुज सुरू, "गेलं बिचाऱ्याचं."

एक आजी दौलताबादहून मोतीबिंदूसाठी आल्या होत्या. उन्हातून आलेल्या, घामाघूम, बाकावर टेकलेल्या. मला कीव आली. म्हटलं, "आजी, अर्धा कप चहा घेता का?"

आजींनी दोन्ही हात जोडले. "नको गं बाई! तुझ्या पाया पडते, चहा नको! मला आप्रेशन करायचंय!"

*

मग प्रज्ञा आली, काकांबरोबर. उंच, सावळी, गोल फ्रेमचा चष्मा, बोलणं मोजकं.

आमच्या डॉक्टर मॅडमचा एक नियम आहे. तपासणीआधी नातेवाइकांना बाहेर काढायचं आणि पेशंटला एकटं विचारायचं, "तुला स्वतःला पाहिजे का?" किती वेळा तरी उत्तर येतं, "मला नको, मम्मीला पाहिजे." काकांना बाहेर बसवलं आणि मी प्रज्ञाला विचारलं.

ती थोडा वेळ चष्म्याच्या काडीशी चाळा करत बसली. म्हणाली, "खरं सांगू ताई? मला चष्म्याचा काहीच त्रास नाही. पण त्या फोननंतर पप्पा रोज संध्याकाळी माझ्याकडं बघत बसतात आणि उसासे टाकतात. ते मला बघवत नाही. होत असलं तर करून टाका."

रफिकभाईंनी तिला मशीनसमोर बसवलं. मी बाहेर आकड्याची वाट बघत होते. रफिकभाई ओरडलेच नाहीत. स्वतः उठून आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम को बुलाओ."

पडद्यावर बुबुळाचा रंगीत नकाशा येतो. प्रज्ञाच्या दोन्ही डोळ्यांच्या नकाशात खालच्या बाजूला लाल डाग होता. म्हणजे काच तिथं पातळ आणि किंचित पुढं आलेली. डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, "हिला लेझर करायचं नाही. काच आणखी कमजोर होईल. आज चष्म्यानं स्वच्छ दिसतंय, मग चष्म्यानंही दिसायचं नाही. हे वाढतंय का ते बघायला दर काही महिन्यांनी दाखवायचं, आणि डोळे चोळायचे नाहीत."

मी चहा मागवला. काकांनी कपाला हात लावला नाही.

"थोडंसंच करा ताई. हलक्या हातानं."

"काका, तसं नसतं."

"एकाच डोळ्याचं करा."

"काका..."

"पुण्याला करत्यात म्हणं. रिपोर्ट द्या, पुण्याला जातो. कुणीतरी करंलच की!"

माझं डोकं सटकलं. इतक्या वर्षांत मी कुणावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "अहो, पोरीचे डोळे जातील! कळतंय का तुम्हाला? त्या पाहुण्यांना काय, ते दुसरी बघतील! हिनं काय करायचं?"

प्रज्ञा जमिनीकडं बघत होती. रिपोर्ट परवा न्या, असं मी सांगितलं आणि दोघं गेले. रफिकभाई दारातून म्हणाले, "ताई, आज तुम्हीच चहा प्या." मी प्यायले. पण जिवाला चैन नव्हती. हा माणूस प्रेमापोटी पोरीला खरंच कुठंतरी नेऊन बसवेल, याची मला भीती वाटत होती.

*

मधे एक छोटा किस्सा सांगते. आमच्या डॉक्टर मॅडमना स्वतःला जाड चष्मा आहे. यावरून रोज एकतरी माणूस अडतोच. एक वकीलसाहेब तपासणीत पूर्ण पास झाले, सही करायला पेन उघडलं आणि थांबले. अगदी कोर्टात विचारतात तसं विचारलं, "मॅडम, इतकं चांगलं आहे तर तुम्ही का नाही केलंत?"

"माझे डोळे फार कोरडे आहेत. मी स्वतःला तपासलं आणि नाही सांगितलं."

वकीलसाहेब खुर्चीत मागं टेकले. "वा! जी स्वतःला नाही म्हणते, तिच्यावर माझा शंभर टक्के भरोसा."

"मग करायचं का?"

"छे छे! भरोसा तुमच्यावर बसला, लेझरवर कुठं बसलाय!"

*

साळवे काका रिपोर्ट न्यायला आले. प्रज्ञा बरोबर होती. मला वाटलं आता पुण्याची गाडी पकडतील. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट देते. पण हा आजार कधीकधी घरातल्यांना असतो. आधी तुम्ही मशीनवर बसा."

"मी? मला काय धाड भरलीय?" काका मिशीतून हसले. "आजवर डोळ्याला डॉक्टर म्हणून दावला नाही कवा."

पण बसले. आणि आतून रफिकभाईंची आरोळी आली, "पाचशे साठ! माशाल्ला! काका, तुम्हारी तो दीवार है दीवार!"

काका बाहेर आले ते खूश. मग प्रज्ञाकडं नजर गेली आणि चेहरा उतरला. डॉक्टर मॅडमना हळूच म्हणाले, "माझी एवढी जाड हाय, तर हिला थोडी... तशी काही सोय नाय का?"

मॅडमनी मान हलवली. "नाही काका, तशी सोय नाही." मला तिथं उभं राहवेना. मी उगंच भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावायला वळले.

"आता हे वाचा," मी म्हटलं.

काका खुर्चीतून उठले, तक्त्याजवळ गेले, नाक टेकेपर्यंत वाकले आणि खणखणीत आवाजात शेवटची ओळ वाचून दाखवली.

"काका, बसून वाचायचं!"

"बसून कोण वाचतंय? वाचायचं तर जवळ जाऊनच वाचावं लागतं की! गेटवर मी गाडी आली की उठतो, प्लेटीजवळ जातो, नंबर वाचतो, मंगच सोडतो. साहेबाची गाडी असली तरी! समदी कंपनी टरकून असती मला."

प्रज्ञा चष्म्याआडून डोळे मोठे करून बापाकडं बघायला लागली. रफिकभाईंनी तोंडावर रुमाल धरला. शेंद्र्याचा सगळ्यात कडक सिक्युरिटीवाला! खुर्चीत बसवलं तर काकांना वरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं दिसलं, तेही अंदाजानं. कैक वर्षांचा नंबर होता. कुणी तपासलाच नव्हता, आणि काकांना वाटायचं, जग सगळ्यांना असंच दिसतं.

मी त्यांच्या नाकावर तपासणीची ती जाडजूड गोल फ्रेम चढवली आणि एकेक काच घालत गेले. "हे बरं का हे? आता? आणि आता?"

एका काचेला काकांनी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पंख्याकडं बघितलं. रफिकभाईंकडं बघून म्हणाले, "भाई, तुमी एवढं म्हातारं हाय व्हय?"

"अब देखे आप?" रफिकभाई म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

मग काकांची नजर समोरच्या खुर्चीवर बसलेल्या प्रज्ञावर गेली. ती हसत होती, चष्मा थोडा घसरलेला, तो बोटानं वर सारत होती. काका बघतच राहिले. प्रज्ञा लाजली. "काय पप्पा? असं काय बघताय?"

काकांनी मिशीवरून पालथा हात फिरवला. मी काच बदलायला हात पुढं केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. ती फ्रेम तशीच नाकावर ठेवून खिशातून मोबाइल काढला, या वेळी लांबूनच नंबर बघून लावला, आणि गेटवर बोलतात त्या आवाजात बोलले,

"हॅलो, पाव्हणं? जय भीम. साळवे बोलतोय. पोरीला चष्मा हाय, आन् तो ऱ्हाणार. या रविवारी बघायला. फकस्त येताना एक काम करा, घरातल्या समद्यांनी डोळे तपासून या!"